मुलीला तिचाच आवाज परत ऐकू येतोय? मग दोष तुमच्या घरात शोधा

तुमच्या प्रश्नातली हकिगत आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तांब्याची लाइन काढून तुमच्याकडे फायबर आलं, नंबर जुनाच राहिला, आणि फोन आता फायबरच्या डब्यावरून चालतो. तेव्हापासून टोरांटोहून मुलगी या नंबरवर बोलते तेव्हा तिला स्वतःचंच बोलणं मागून परत ऐकू येतं. तुम्हाला ती अगदी स्वच्छ ऐकू येते. मुंबईच्या मुलाची काहीच तक्रार नाही. कंपनीचा माणूस दोनदा आला, रिसीव्हर कानाला लावला आणि ‘इकडे सगळं ओके आहे, प्रॉब्लेम मॅडमच्या बाजूला असेल’ असं सांगून गेला.

प्रॉब्लेम मॅडमच्या बाजूला नाही. प्रतिध्वनी ज्याला ऐकू येतो, त्याच्या समोरच्या टोकाला तो बहुतेक वेळा तयार होतो. तिचा आवाज तुमच्या घरापर्यंत येतो, तिथे त्यातला थोडा अंश परतीच्या वाटेला लागतो आणि पुन्हा तिच्या कानात जातो. माथेरानच्या एको पॉइंटवर हाक मारणाऱ्यालाच ती परत ऐकू येते, समोरच्या डोंगराला त्याचा पत्ताही नसतो. तुमच्या बाबतीत तो डोंगर तुमच्या घरात आहे. त्या माणसाने तुमच्या खुर्चीत बसून दहा वेळा फोन ऐकला असता तरी त्याला काही सापडलं नसतं.

मी चौदा वर्षं ईपीएबीएक्स (ऑफिसातलं अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज) आणि इंटरकॉम बसवण्याचं काम करतो. ही तक्रार फायबर आल्यापासून खूप वाढली आहे आणि जवळपास दर वेळी चुकीच्या टोकाला दुरुस्ती चाललेली असते. म्हणून सविस्तर लिहितोय.

आवाज परत फिरायला तुमच्या घरात दोन जागा आहेत. एक म्हणजे हँडसेट: कानाकडच्या स्पीकरचा आवाज मोठा ठेवला की तिचं बोलणं तोंडाकडच्या माइकमध्ये शिरतं. दुसरी म्हणजे तारा. कुठली, ते एका मिनिटात कळतं. ती फोनवर असताना तुमच्या फोनचं म्यूट बटण दाबा आणि तिला ‘एक, दोन, तीन’ म्हणायला सांगा. तुमचा आवाज तिला जाणार नाही, पण तिचा तुम्हाला येईल, त्यामुळे ती लगेच सांगू शकेल. म्यूट केल्यावर प्रतिध्वनी थांबला, तर तो हँडसेटमधून जात होता. म्यूट असूनही येत राहिला, तर तो तारांमधून परत फिरतोय.

तुम्ही लिहिलंय की डब्यापासून हॉलमधल्या जुन्या रोझेटपर्यंत (भिंतीवरची फोनची जोडणीची डबी) वायर नेली आहे आणि तिथून आतल्या खोलीत पॅरलल फोन, म्हणजे त्याच लाइनवरचा दुसरा फोन आहे. माझा संशय तिथेच आहे. साध्या फोनला दोनच तारा असतात आणि येणारं-जाणारं दोन्ही बोलणं त्याच जोडीवरून एकाच वेळी चालतं. फायबरवर मात्र जाणारा आवाज वेगळा आणि येणारा वेगळा. ही विभागणी डब्यातलं एक सर्किट करतं, त्याला हायब्रिड म्हणतात. समोर जोडलेली लाइन विजेला किती अडथळा करेल (तो ओहममध्ये मोजतात) याचा अंदाज धरून ते जुळवलेलं असतं, बऱ्याचदा ६०० ओहम. प्रत्यक्षात त्याच्यापुढे एक फोन आणि हातभर वायर नसून माळ्यावरून फिरवलेली पन्नास-साठ फूट जुनी तार, गंजलेले जोड, दुसरा फोन आणि ब्रॉडबँडच्या काळातला विसरलेला स्प्लिटर (एकाच तारेवरचे फोन आणि इंटरनेट वेगळे करणारी डबी) असेल, तर तो अंदाज चुकतो. विभागणी पुरती होत नाही आणि तिचा आवाज जाणाऱ्या वाटेवर सांडतो.

नाशिकरोडला एका जुन्या बंगल्यात नेमकं हेच होतं. घरच्यांनी तीन महिन्यांत दोन नवे फोन आणले होते. मी जिन्याखालचा रोझेट उघडला तर आत पावसाचं पाणी शिरून स्क्रू हिरवे झालेले आणि त्यातून तिसरी एक वायर निघालेली, जिच्या टोकाला फोनच नव्हता. ती मोकळी वायर तोडली, रोझेट बदलला, स्प्लिटर काढला, आणि प्रतिध्वनी गेला. एकूण खर्च दोनशे रुपयांच्या आत.

म्हणून तुम्ही आधी एवढंच करा: भिंतीत जाणारी वायर डब्यातून काढा आणि एक साधा, वायरवाला फोन छोट्या वायरने थेट डब्याच्या फोनच्या सॉकेटमध्ये लावा. मग मुलीशी बोला. प्रतिध्वनी गेला तर डबा निर्दोष, वायरिंग दोषी. आतल्या खोलीत फोन हवाच असेल तर पॅरललऐवजी दोन हँडसेटचा कॉर्डलेस घ्या आणि त्याचा मुख्य भाग डब्याजवळच ठेवा. एवढं करूनही प्रतिध्वनी राहिला, तर डब्याची सेटिंग तपासावी लागेल, आणि ती कंपनीच्याच हातात असते. ‘एको कॅन्सलेशन चालू आहे का बघा आणि फोनच्या पोर्टची लेव्हल थोडी उतरवा’ असं त्यांना स्पष्ट सांगा.

एको कॅन्सलर म्हणजे फोनकडे गेलेला आवाज लक्षात ठेवून परत येणाऱ्या आवाजातून तेवढा वजा करणारी व्यवस्था. प्रत्येक कॉलला ती नव्याने शिकते, त्यामुळे पहिले एक-दोन सेकंद प्रतिध्वनी येऊन मग विरला तर ते चालायचंच. पण आवाज फार मोठा असला की तो फाटतो, आणि फाटलेला आवाज तिला नीट वजा करता येत नाही. यावरून आमच्या घरचीच गोष्ट आठवली. आईला कमी ऐकू येतं. मेलबर्नच्या ताईचा व्हॉट्सअ‍ॅप कॉल आला की ती फोन स्पीकरवर टाकून ओट्यावरच्या स्टीलच्या वाटीत उभा करायची, कारण वाटीमुळे आवाज मोठा येतो. तिकडे ताईला प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू यायचं. ती बोलता बोलता थांबायची, आईला वाटायचं हिला बोलायचंच नाही. आठवड्याचा अर्ध्या तासाचा फोन पाच मिनिटांवर आला होता, आणि आम्ही सगळे मेलबर्नच्या राउटरला दोष देत होतो. मी दिवाळीला घरी गेलो तेव्हा ती वाटी पाहिली. आईला वायरचे इअरफोन आणून दिले, आणि त्या रात्री दोघी पाऊण तास बोलल्या. तुमच्या म्यूट चाचणीत हँडसेट दोषी ठरला तर आवाज दोन घरं उतरवा आणि स्पीकरफोन बंद ठेवा. मोबाइल असेल तर जाड कव्हर काढून बघा, आणि डिस्प्ले बदलून आणल्यापासून त्रास सुरू झाला असेल तर तेही दुकानदाराला सांगा.

मग मुंबईच्या मुलाला का ऐकू येत नाही? आवाज त्याच्याकडेही परत जातोच, पण लवकर जातो. परतीचा आवाज पंचवीस-तीस मिलिसेकंदांच्या आत आला तर कान त्याला वेगळा धरत नाही, आणि मुंबईचा उशीर त्याहून थोडा जास्त झाला तरी हलका प्रतिध्वनी माणूस चालवून घेतो. टोरांटो मात्र सरळ रेषेतच सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसतं जाऊन-येऊन सव्वाशे मिलिसेकंद, आणि केबल सरळ रेषेत जात नाहीत. त्यात आवाजाची पाकिटं बांधायला आणि दोन्हीकडे ती थोपवून ओळीने सोडायला लागणारा वेळ धरा. पाव-अर्ध्या सेकंदाने स्वतःचाच शब्द कानात आला की कोणीही अडखळणार. तांब्याच्या लाइनवरही असा थोडा आवाज परत फिरत होताच, पण घर ते एक्स्चेंज एवढ्या अंतरात उशीरच नसायचा, आणि परदेशी कॉलसाठी कॅन्सलर एक्स्चेंजमध्ये बसवलेले असत.

त्यामुळे जास्त स्पीडचा प्लॅन घेऊ नका, त्याने प्रतिध्वनी जाणार नाही. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग सतत अपलोड होत असेल तर उशीर वाढून त्रास जास्त जाणवू शकतो, तेवढं कॉलपुरतं थांबवून बघा. ‘सिप एएलजी (राउटरमधली इंटरनेट-कॉलसाठीची एक सेटिंग) बंद करा’ हा सल्ला तुम्हाला इथे आणखी कोणी दिलाय. तो एका बाजूचा आवाज न येणं किंवा कॉल तुटणं यासाठी आहे, तुमच्या त्रासाशी त्याचा संबंध नाही.

आता पुन्हा तक्रार नोंदवताना ‘आवाज खराब आहे’ असं सांगू नका. ‘समोरच्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येतो, फोन थेट डब्याला लावूनही येतो’ असं सांगा. आणि माणूस यायची वेळ संध्याकाळी सहाची मागून घ्या. टोरांटोत तेव्हा सकाळचे साडेसात-साडेआठ असतात. मुलगी फोनवर असतानाच त्याला सेटिंग बदलायला लावा, कारण फरक पडला की नाही हे फक्त तिलाच ऐकू येणार आहे.