बेथोव्हेनच्या ओपस १३१ चे सर्वोत्तम ध्वनिमुद्रण कोणते? प्रत्येकाची पहिली दोन मिनिटे ऐकून निवडले तर चालेल का?

पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर एका ओळीचे आहे: बुश क्वार्टेट या चौघा वादकांच्या संचाने १९३६ साली केलेले. (ओपस १३१ ही दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो यांसाठीची रचना, म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट.) दुसऱ्याचे उत्तर त्याहून लहान आहे: मुळीच चालणार नाही. ते का, हे सांगायला मात्र मला बरीच जागा लागेल, कारण नेमक्या याच मुद्द्यावरून आमची अनेक वर्षे चाललेली एक बैठक मोडली आणि त्या रात्री जे उत्तर मला सुचले नाही ते आपल्या प्रश्नाच्या निमित्ताने मी प्रथमच लिहून काढत आहे.

आम्ही चौघे जण महिन्यातून एकदा एका स्नेह्यांच्या घरी जमत असू. ते माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, संग्रह प्रचंड, कान अतिशय तयार. मला आज जी नावे ठाऊक आहेत त्यांतली निम्मी मी त्यांच्याकडून शिकले, हे प्रथमच सांगते. त्यांची पद्धत ठरलेली होती. एकाच रचनेतला एकच तुकडा पाच-सहा ध्वनिमुद्रणांतून, वादकांची नावे न सांगता ऐकवायचे, आम्ही वहीत गुण लिहायचे आणि सर्वांत कमी गुणांचे ध्वनिमुद्रण त्या रात्रीपुरते बाद. सिम्फनींच्या, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनांच्या, बाबतीत या पद्धतीने बरेच काही हाती लागत असे, हे मी मान्य करते. कार्लोस क्लायबर यांनी १९७४ साली व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलेली बेथोव्हेनची पाचवी सिम्फनी आणि फुर्टव्हेंग्लर यांची बर्लिनमधली १९४७ ची पाचवी यांची सुरुवात पाठोपाठ ऐकली की संचालकाची वृत्ती पहिल्या मिनिटातच उघडी पडते. एक जण सुरुवातीच्या चार स्वरांना पुढच्या धावेची पहिली उडी मानतो, दुसरा त्यांना उंबरठा मानून तिथे थबकतो. शिवाय पहिल्या आठ सिम्फनींसाठी बेथोव्हेनने १८१७ साली मेट्रोनोमचे, म्हणजे लय मोजणाऱ्या यंत्राचे, आकडेही प्रसिद्ध केले होते, त्यामुळे लयीबद्दल वाद घालायला निदान काही आधार होता.

हे स्नेही घड्याळावर फार भिस्त ठेवत. प्रत्येक ध्वनिमुद्रणाची मिनिटे आणि सेकंद त्यांच्या वहीत टिपलेले असत. ब्रुनो वाल्टर या संचालकांनी माहलरची नववी सिम्फनी जानेवारी १९३८ मध्ये व्हिएन्नात, जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत करण्याच्या दोनच महिने आधी, सुमारे सत्तर मिनिटांत पुरी केली, आणि त्याच वाल्टर यांना १९६१ मध्ये तिला ऐंशीहून अधिक मिनिटे लागली. तेव्हा 'खरी लय' कोणत्या वाल्टर यांची, असे मी एकदा विचारले होते. त्यावर ते नुसते हसले. मला वाटते, आमच्या वादाची सुरुवात तिथेच झाली असावी.

ओपस १३१ ची रात्र आली तेव्हा त्यांनी सहा ध्वनिमुद्रणे निवडली होती आणि प्रत्येकाची पहिली दोन मिनिटे ऐकायची असे ठरले होते. ही रचना १८२६ सालची. तिचे सात भाग एकमेकांत मिसळत, मध्ये न थांबता, जवळजवळ चाळीस मिनिटे चालतात. उत्तरकालीन क्वार्टेट्ससाठी बेथोव्हेनने मेट्रोनोमचा एकही आकडा दिलेला नाही, त्यामुळे त्यांची घड्याळाची वही इथे मुळातच निरुपयोगी होती. तिसऱ्या क्रमांकावर बुश क्वार्टेट लागले. एक मिनिट झाले नाही तोच ते म्हणाले, "खरखर आहे, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची ही तऱ्हा आता ऐकवत नाही." इतर दोघांनीही माना डोलावल्या. ज्या ध्वनिमुद्रणाने मला ही रचना समजावली होती, ते साठ सेकंदांत बाद झाले.

मी म्हटले की आपण रचनेचा न्याय करतच नाही आहोत. पहिला भाग हा संथ फ्यूग आहे. एकटे पहिले व्हायोलिन विषय, म्हणजे मूळ सुरावट, मांडते, मग दुसरे व्हायोलिन, मग व्हिओला आणि शेवटी चेलो, असे एकेक जण त्यात शिरतात. दोन मिनिटांत ही मांडणी कशीबशी उभी राहते, एवढेच. ज्या जागेसाठी तो भाग लिहिला आहे ती त्याच्या अगदी शेवटी, सहा-आठ मिनिटांनंतर येते: सी शार्प या स्वरावर सगळे जण विसावतात, आणि मग जणू कोणी अंधारात हलकेच दार लोटावे तसा तिथलाच, एका सप्तकाची उडी घेणारा उठाव फक्त अर्धा स्वर वर, डी या स्वरावर होतो आणि दुसरा भाग अतिशय हळू आवाजात पळू लागतो. एवढ्या अर्ध्या स्वराने सगळा उजेड बदलतो. हा क्षण वादकांनी कमावलेला आहे की नुसता गाठलेला आहे, हे आधीची सगळी मिनिटे ऐकल्याशिवाय कळूच शकत नाही. पुढे सातव्या भागात त्याच फ्यूगच्या विषयाची सावली पुन्हा पडते; ती ओळखायची तर सुरुवात चाळीस मिनिटे मनात जागी राहावी लागते.

त्यांनी माझे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर चार-पाच मिनिटेच मावत. बुशने ही रचना सलग वाजवलेलीच नाही, तुकड्यांनी वाजवली आहे. त्यांना तुकड्यांनी वाजवता आले, तर मला तुकड्यांनी ऐकता का येऊ नये?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते, कारण त्यांनी सांगितलेली गोष्ट खरी होती. तो फ्यूगसुद्धा एका बाजूवर मावत नसे. मी त्या रात्री लवकर निघाले आणि पुन्हा गेले नाही. आम्ही आजही भेटतो, एकमेकांची विचारपूस करतो, पण संगीताचा विषय दोघेही टाळतो.

उत्तर आता माझ्यापाशी आहे. वाजवणाऱ्याचा तुकडा आणि ऐकणाऱ्याचा तुकडा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आडॉल्फ बुश आणि त्यांचे सहकारी स्टुडिओत बसले तेव्हा ती रचना मैफलींतून वर्षानुवर्षे सलग वाजवून त्यांच्या अंगात मुरलेली होती. बाजू संपली म्हणून धनुकली उचलावी लागली, तरी पुढची बाजू सुरू करताना आपण कुठून आलो आणि कुठे जायचे आहे हे चौघांनाही पक्के ठाऊक होते. त्या काळी चूक झाली तर सबंध बाजू पहिल्यापासून वाजवावी लागे, नंतर जोडकाम करण्याची सोय नव्हती, आणि तरीही ते ध्वनिमुद्रण सलग ऐकले तर एकाच श्वासात वाजवल्यासारखे वाटते. दोन मिनिटांचा नमुना चाखणाऱ्याला पुढे काय आहे याची जबाबदारीच नसते. त्याला फक्त स्वराचा पोत कळतो, आणि पोतावर निवडायचे ठरवले तर १९३६ चे कोणतेही ध्वनिमुद्रण हरणारच.

म्हणून माझा आग्रह असा की आपण एकच ध्वनिमुद्रण घ्यावे, निदान महिनाभर तेच, दर वेळी संपूर्ण ऐकावे आणि त्यानंतरच दुसऱ्याकडे वळावे. तुलना आठवणीतून करावी. दोन ध्वनिमुद्रणे शेजारीशेजारी लावून जो फरक ऐकू येतो तो बहुधा मायक्रोफोनचा आणि खोलीचा असतो. महिन्याभरानंतर जो फरक टोचतो तो वादकांचा असतो.

येथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ही रचना आपण पूर्वी कधीच ऐकली नसेल, तर जुन्या मोनो ध्वनीत दुसरे व्हायोलिन आणि व्हिओला वेगळे ओळखणे अवघड जाईल आणि फ्यूगमध्ये तेच महत्त्वाचे असते. तेव्हा सुरुवात टाकाच (Takács) क्वार्टेटने किंवा क्वार्तेत्तो इतालियानोने करण्यात काहीही कमीपणा नाही. पहिल्यांचे वादन अधिक धारदार, दुसऱ्यांचे स्वर अधिक भरीव. व्हेग क्वार्टेटचे १९७० च्या दशकातले ध्वनिमुद्रणही मला फार जवळचे आहे. आल्बान बेर्ग क्वार्टेटचे १९८९ चे, श्रोत्यांसमोर झालेले वादन निर्दोष आहे, पण माझ्या मनात ते टिकत नाही. या क्रमाबद्दल मी कोणाशीही वाद घालणार नाही.

बुश क्वार्टेटची आवृत्ती निवडताना मात्र खरखर पूर्णपणे पुसून टाकलेली घेऊ नका. ती पुसताना व्हायोलिनच्या वरच्या स्वरांतला जीवही पुसला जातो. थोडी खरखर राहू द्यावी. पाच-सात मिनिटांत कान ती बाजूला ठेवायला शिकतो. पहिल्या भागाच्या शेवटी वादन फार खाली जाईल, खरखर वर येईल आणि आवाज वाढवण्यासाठी आपला हात पुढे होईल. तिथे हात आवरा, कारण त्यापुढचा स्वर डी आहे.