शिक्षा का लागू पडत नाही?

प्रश्न : मुलीला (वय २२) बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार (भावना झपाट्याने टोकाला जातात असा मानसिक विकार) आहे. रागावलं की हात कापून घेते, मग आम्ही तिच्या मागणीपुढे नमतो. कडक व्हावं का? – एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : नको. या विकारात चढलेला आवाजसुद्धा शिक्षेसारखा झोंबतो. कापल्यावर ताण क्षणभर उतरतो, हेच तिचं बक्षीस. वर तुम्ही कधी नमता, कधी नाही. असं अधूनमधून मिळालेलं फळ सवय जास्त घट्ट करतं. जखमेवर मलमपट्टी करा, मरावंसं वाटतंय का ते सरळ विचारा. मागणीचा निर्णय मात्र दुसऱ्या दिवशी. शांतपणे बोलली की त्याच क्षणी दाद द्या. ‘पुढच्या महिन्यात गंगापूर धरणावर नेऊ’ हे बक्षीस फार लांबचं झालं! डीबीटी (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, म्हणजे तीव्र भावना सांभाळायला शिकवणारी उपचारपद्धती) शिकलेला थेरपिस्ट गाठा. मरणाची भाषा आली तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६, किंवा थेट रुग्णालय.