दोर्दोन्यमध्ये आजी-आजोबा आणि मुलांसह आठवडा

जुलैमध्ये सासू-सासरे आणि सात व अकरा वर्षांची मुलं घेऊन फ्रान्सच्या दोर्दोन्य भागात आठवडाभर जायचंय, काय काय करता येईल, असं तुम्ही विचारलंय. तुमच्या आराखड्यात तीन मुक्काम आणि रोज दोन-तीन ठिकाणं आहेत. माझं ऐका, मुक्काम एकच ठेवा. सार्ला या गावाच्या आसपास खेड्यातलं एखादं घर भाड्याने घ्या आणि रोज एकच गोष्ट ठरवा, बाकीचा दिवस मोकळा सोडा. अंधार पडायला रात्रीचे दहा वाजतात, त्यामुळे दुपारी सगळ्यांना झोप काढता येते. ही घरं उन्हाळ्यात बहुतेक शनिवार ते शनिवार मिळतात. विमानाची तिकिटं त्या हिशोबाने काढा. गाडी मात्र हवीच.

या भागात आदिमानवांनी चित्रं काढलेल्या गुहा आहेत. त्यांपैकी लास्कोचं नाव सगळे घेतात. मूळ गुहा १९६३ पासून पर्यटकांना बंद आहे, २०१६ मध्ये उघडलेली तिची प्रतिकृती पाहायला मिळते. ती उत्तम आहे, तिकीट आधीच काढा. पण मुलांसाठी मी रूफिन्याक निवडेन, कारण ती खरी गुहा आहे आणि आत छोट्या विजेच्या गाडीतून नेतात. आजोबांचे गुडघेही वाचतात. गाडी अंधारात थांबते, गाइड दिवा भिंतीकडे वळवतो आणि गुहेत राहणाऱ्या अस्वलांच्या नखांचे ओरखडे दिसतात. जमिनीत त्यांनी झोपायला उकरलेले खड्डेही आहेत. मग येतात मॅमथ, म्हणजे प्राचीन काळचे केसाळ हत्ती, एकामागून एक, काळ्या रेषांनी काढलेले. छतावरची चित्रं काढली तेव्हा खालची जमीन इतकी उंच होती की चित्रकाराला आडवं पडूनच काम करावं लागलं असणार. हे मुलांना आधी सांगून ठेवा, ती वर बघतच राहतील. भर उन्हाळ्यातही आत थंडी असते, स्वेटर न्या.

दुसरा दिवस नदीचा. सेनाक गावाहून बेनाक गावापर्यंत कनूने, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीने जा. जुलैत दोर्दोन्य नदी संथ असते, होडीवाले लाइफ जॅकेट देतात आणि शेवटी गाडीने परत आणून सोडतात. मुलांना पोहता यायला हवं, ही त्यांची अट असते. वाटेत एका काठावर कास्तेलनोचा किल्ला आणि पुढे समोरच्या काठावर बेनाकचा. इंग्लंड आणि फ्रान्समधल्या शंभर वर्षांच्या युद्धात कास्तेलनो बराच काळ इंग्रजांकडे होता आणि बेनाक फ्रेंचांकडे. दोन्ही किल्ले चढू नका. कास्तेलनो करा, तिथे दगड फेकणारी मोठाली युद्धयंत्रं उभी आहेत. आजी-आजोबांना त्या वेळात ला रोक-गाजाक गावाहून जुन्या मालवाहू धाटणीच्या सपाट बुडाच्या नावेत बसवा, तासाभराची निवांत फेरी होते.

सार्लाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो, नऊच्या आत पोचा. स्ट्रॉबेरी, अक्रोड, बकरीच्या दुधाचं छोटं चपटं चीज, सगळं घ्या. दुकानात शिरताना ‘बाँजूर’ (नमस्कार) म्हणायला मुलांना शिकवा, वागणुकीत लगेच फरक पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये खेड्यांत संध्याकाळी बाजार भरतात, चौकात लांब टेबलं मांडलेली असतात आणि लोक तिथेच जेवतात. घरून ताटल्या आणि काटे-चमचे घेऊन जा.

सासूबाई शाकाहारी आहेत, म्हणून एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: इथले प्रसिद्ध सार्ला पद्धतीचे बटाटे बदकाच्या चरबीत परततात. दिसायला ते साधे लसूण-बटाटे असतात. दरवेळी विचारा. घरात स्वयंपाकघर असेलच, मसाल्याचा डबा आणि छोटा कुकर बरोबर ठेवा. किराणा शनिवारीच भरा. रविवारी दुपारनंतर खेड्यांत बहुतेक दुकानं बंद असतात आणि एरवीही बारा ते दोन शुकशुकाट असतो. आणि सार्वजनिक जलतरण तलावात ढगळ शॉर्ट्स चालत नाहीत, मुलांसाठी पोहण्याच्या घट्ट चड्ड्या निघण्याआधीच घेऊन ठेवा.