केळफूल सोलायचं की निवडायचं?

प्रश्न सोलापूरच्याच एका सूनबाईंचा आहे. त्यांचं माहेर पंढरपूरकडचं, सासूबाई कोकणातल्या. "सासूबाई म्हणतात, केळफूल निवडायला घे. आमची आई म्हणायची, केळफूल सोल. बरोबर कुठलं? आणि लिहायचं कसं, केळफुल की केळफूल?"

लिहिण्याचं आधी उरकतो. एकटा शब्द असेल तेव्हा 'फू' दीर्घ, पुढे प्रत्यय लागला की ऱ्हस्व. म्हणून केळफूल, पण केळफुलाची भाजी आणि चार केळफुलं. मूल, मुलाला, मुलं म्हणतो तसंच.

आता क्रियापदाचं. आपलं स्वयंपाकघर याबाबतीत फार काटेकोर आहे. लसूण सोलतो, मेथी निवडतो, गवार मोडतो, भेंडी चिरतो, काकडी कोचवतो, नारळ खवतो. "मेथी सोलली" असं कुणी म्हणालं तर घरातलं शेंबडं पोरही हसेल. सोलताना काय टाकायचं ते आधीच ठरलेलं असतं. वरची साल टाकायची, आतलं घ्यायचं, डोळे टीव्हीकडे असले तरी चालतं. निवडताना मात्र हातात आलेल्या प्रत्येक काडीकडे, प्रत्येक दाण्याकडे बघावं लागतं. तांदूळ निवडताना आजी चष्मा शोधायची. लसूण सोलताना तिला चष्मा लागला नाही.

केळफुलाला ही दोन्ही कामं लागतात, म्हणून तुमच्या घरात भांडण. वरचं जाड, जांभळट-तांबडं पान उचललं की त्याखाली पिवळसर फुलांची रांग दिसते, पंख्यासारखी पसरलेली. ती काढून घ्यायची, पान टाकायचं, पुढचं पान उचलायचं. हे झालं सोलणं. मग त्यातलं एकेक फूल हातात घ्यायचं. त्याच्या मधोमध एक ताठ दांडी असते, टोकाला गाठ असलेली, आणि बुडाशी प्लॅस्टिकसारखा पारदर्शक पापुद्रा. कितीही शिजवलं तरी ही दोन्ही दाताखाली येतात, म्हणून दोन्ही उपटून टाकायची. हे निवडणं. एका केळफुलात अशी फुलं शंभराच्या वर सहज निघतात.

थोडक्यात, तुमच्या आईंनी अख्ख्या कामाला पहिल्या अर्ध्याचं नाव दिलं आणि सासूबाईंनी दुसऱ्या अर्ध्याचं. दोघीही बरोबर. तरी माझं मत विचाराल तर मी सासूबाईंच्या बाजूला बसेन. सोलायला पाच-दहा मिनिटं लागतात, निवडण्यात दुपार जाते. कामाला नाव द्यायचं तर जिथे जीव जातो त्याचं द्यावं. (आईंना हे कळवू नका.)

त्या दांडीला मराठीत पक्कं असं एक नाव मला तरी ऐकू आलेलं नाही. कुणी काडी म्हणतं, कुणी केसर, कुणी नुसतं "ते मधलं". तमिळ घरांत तिला 'कळ्ळन' म्हणतात, म्हणजे चोर. फुलात लपून बसतो आणि ऐन जेवताना सापडतो! असा शब्द आपल्याला सुचला नाही याचं मला थोडं वाईट वाटतं.

आता मूळ नावाकडे. केळफूल हे एक फूल नव्हेच, तो अख्खा फुलोरा. सुरुवातीच्या रांगांतली फुलं मादी, त्यांच्या फण्या होतात. पुढच्या रांगा नर फुलांच्या, त्यांना केळी धरत नाहीत. घडाच्या शेपटाला लोंबतं ते केळफूल म्हणजे या उरलेल्या नर फुलांचा गड्डा. तरी नाव एकवचनी फुलाचं. गंमत म्हणजे जिला आपण बिनदिक्कत 'फ्लॉवर' म्हणतो ती भाजीही एक फूल नव्हे, न उमललेला फुलोराच.

आपल्या जिल्ह्यात उजनीच्या पाण्यावर करमाळा, माढा, माळशिरस भागात केळीच्या बागा आहेत. तिथल्या शेतकऱ्याला भाजीशी कर्तव्य नसतं. फण्या पुऱ्या झाल्या की तो हे टोक मोडून टाकतो, म्हणजे जोर घडात जातो. त्याच्या तोंडी शब्दही वेगळा असतो, 'कमळ'. कमळ मोडलं का, असं विचारतात. आणि बागेला फुलोरा आला की बाग 'निसवली'. हे क्रियापद मंगळवेढ्याच्या माणसाला नवं नाही, ज्वारी पोटरीतून कणसावर आली की तीही निसवतेच. कुठे ज्वारी, कुठे केळ, पण पोटातून बाहेर येणं दोघींचं सारखं, म्हणून शब्दही एकच.

सोलापुरात राहून शेजाऱ्यांना न विचारता कसं चालेल? पूर्व भागातली तेलुगू शेजारीण म्हणते 'अरटि पुव्वु', कन्नड घरात 'बाळे हू'. तिन्ही भाषांची जोडणी तीच, आधी केळ, मग फूल. तेलुगूतला 'पु' आणि कन्नडमधला 'हू' मुळात एकच, जुन्या कन्नडमधला प पुढे ह झाला. आपली केळ मात्र संस्कृत 'कदली'ची, वाटेत प्राकृतात 'कयली', 'केली' होऊन आलेली. बंगाल्यांनी आणखी वेगळं केलं. अमरकोशात केळीची जी नावं दिली आहेत त्यांत 'मोचा' आहे. बंगालीत 'मोचा' फक्त केळफुलापुरता उरला.

लक्ष्मी मंडईत मी केळफूल घेतलं तेव्हा शेजारी उभ्या एका मावशींनी विचारलं, "काय करलालाव ह्याचं? पूजेला का?" भाजी म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसेना. तुमच्याकडे तो प्रश्न नाही, सासूबाई आहेत. तरी दोन गोष्टी सांगतो. बसण्याआधी हाताला तेल लावा आणि जुना कपडा पांघरा. केळीच्या चिकाचा डाग हातावरून चार दिवसांनी जातो, सुती साडीवरून जात नाही. आणि चिरलेलं तसंच ठेवू नका, बघता बघता काळवंडतं. चिराल तसं ताक घातलेल्या पाण्यात टाका आणि रात्रभर राहू द्या, तुरटपणाही उतरतो. सकाळी पिळून, वाफवून फोडणीला टाका. सासूबाई काळे वाटाणे, ओलं खोबरं आणि गूळ घालतील. आईंकडे हरभऱ्याची डाळ, शेंगदाण्याचं कूट आणि काळं तिखट पडत असेल. यात मात्र मी आईंच्या बाजूला.

आणि हो, सोलत सोलत आत गेलात की पानं पांढरट, कोवळी होतात आणि सुटेनाशी होतात. आतली फुलं काडेपेटीच्या काडीहून बारीक, त्यांच्यातली दांडी अजून मऊ असते. तो गाभा कुणी सोलतही नाही आणि निवडतही नाही. तो नुसता चिरतात.