आधी डोक्यावरचा पंखा बघ

अरे, घराचा ताबा मिळाला नाही तोच एसीचे भाव काढतोयस? आधी वर बघ. साधा पंखा 75 वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा पंखा, 28 ते 35. रोज 15 तास फिरला तर एका पंख्यामागे महिन्याला अठरा-वीस युनिट वाचतात. हॉल आणि बेडरूमचे बदल. पाहुण्यांच्या खोलीतला राहू दे, तो फिरतो कितीसा! मात्र बीएलडीसी बसवताना जुना रेग्युलेटर वायरिंगमधून काढायला सांग. नव्या पंख्याचा वेग रिमोटवर चालतो.

मला उशिरा उमगलेली गोष्ट म्हणजे पंखा खोली गार करत नाही. अंगावरचा घाम वाळतो म्हणून आपल्याला गार वाटतं. रिकाम्या खोलीत तो मोटरची उष्णताच ओततो, तेव्हा उठताना बटण बंद. एसी घेतलासच तर 26 वर ठेव आणि जोडीला पंखा हळू लाव, 22 ची गरज पडणार नाही.

तू वरच्या मजल्यावर, म्हणजे मे महिन्यात स्लॅब तापणार आणि संध्याकाळी पंखा गरम झोतच फेकणार. ऊन उतरलं की समोरासमोरच्या खिडक्या उघड, मग पंखा लाव.

आमचा जुना पंखा पाचवरही रेंगाळायचा. नवा आणायला निघालो होतो, तर इलेक्ट्रिशियनने 2.5 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे मोटरला जोर देणारा छोटा भाग, बदलला आणि कॅलेंडरची पानं फडफडायला लागली. पात्यांवर बोटभर धूळ होती, ती मात्र बायकोने आधीच दाखवली होती.