बांधकामातला प्रोजेक्ट मॅनेजर फार्मात जाऊ शकतो का?

९ वर्षं बिल्डिंग साइटवर काढलीत आणि आता फार्मात, म्हणजे औषध कंपनीत, जायचंय म्हणताय, तर जाता येतं, मी स्वतः गेलोय. फक्त औषधाचं आपल्याला काय कळतं म्हणून घाबरू नका, तुम्हाला गोळ्या नाही बनवायच्या, प्लांट उभा करायचाय. २०२४ च्या सुरुवातीला सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखाने कसे असावेत याचे सरकारी नियम, जाहीर झालं तेव्हापासून जुने प्लांट अपग्रेड करायची कामं आहेत, त्यात क्लीन रूम (धूळ-जंतू आत येऊ न देणारी खोली), एचव्हीएसी (हवा आणि तापमान सांभाळणारी यंत्रणा), पाण्याची सिस्टीम हे सगळं येतं, म्हणजे तुमचंच काम.

खरा झटका बसतो तो कागदांचा. साइटवर कसं, व्हॉल्व्ह नाही मिळाला की दुसऱ्या मेकचा बसवला आणि संध्याकाळी फोनवर सांगून टाकलं. इथे मी पहिल्याच महिन्यात तेच केलं आणि क्यूएवाल्या (गुणवत्ता बघणाऱ्या विभागातल्या) मॅडमनी मला शांतपणे चेंज कंट्रोलचा, म्हणजे कुठलाही बदल आधी मंजूर करून घ्यायचा, फॉर्म दिला, एका व्हॉल्व्हसाठी तीन आठवडे गेले राव! त्यामुळे आधी जीएमपी (औषधं नीट बनवायच्या पद्धतीचे नियम) वाचा आणि आयक्यू, ओक्यू, पीक्यू (इन्स्टॉलेशन, ऑपरेशनल, परफॉर्मन्स क्वालिफिकेशन) म्हणजे काय ते नीट समजून घ्या, मशीन नीट बसलंय का, नीट चालतंय का आणि रोजच्या कामात तसंच चालत राहतंय का, एवढंच ते, पण प्रत्येक पायरी सहीनिशी कागदावर पाहिजे. मुलाखतीत हेच विचारतात.

पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजरचं सर्टिफिकेट) करायचं असेल तर पदवीवाल्याला प्रोजेक्ट सांभाळल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं ट्रेनिंग लागतं, बांधकामातला अनुभव चालतो. पगार सुरुवातीला फार वाढणार नाही हे घरी आधीच सांगून ठेवा.