वाचकांचे प्रश्न : पाचास एक, आणि लोह कुठे आहे?

प्रश्न : वय 34, वजन 50 किलो. हिमोग्लोबिन 8.6 आणि फेरिटिन 7 आले आहे. इथल्या चिनी औषधांच्या दुकानात दोन मुळांचा काढा सुचवला. त्यात एक मूळ दुसऱ्याच्या पाचपट. हे प्रमाण कशासाठी? हिमोग्लोबिन वाढेल का?
– एक वाचक, सिंगापूर

उत्तर : हा तांगक्वेइ पूश्वे थांग. ली तोंगयुआन या वैद्याने तेराव्या शतकात लिहून ठेवलेला काढा. आज तो 30 ग्रॅम ह्वांगछी आणि 6 ग्रॅम तांगक्वेइ या दोन मुळांचा देतात. नाव तांगक्वेइचे, वजन मात्र ह्वांगछीचे. त्यामागचा चिनी तर्क असा की रक्त 'छी'मधून, म्हणजे शरीराच्या चालत्या शक्तीतून तयार होते. शक्तीच खचली असेल तर नुसते तांगक्वेइसारखे रक्तवर्धक देऊन भागत नाही. मुळात हा काढा होता अतिश्रमाने थकलेल्या माणसाच्या तापासाठी, रक्ताच्या आकड्यासाठी नव्हे.

प्रमाणात तथ्य आहे. हाँगकाँगमधल्या संशोधकांनी वेगवेगळी प्रमाणे उकळून पाहिली, तेव्हा पाचास एकमध्ये ह्वांगछीतली उपयुक्त द्रव्ये आणि तांगक्वेइमधले फेरुलिक आम्ल पाण्यात जास्त उतरले. दोन्ही मुळे वेगळी उकळून नंतर मिसळली तर तोच काढा होत नाही. प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये या काढ्याने एरिथ्रोपोएटिन वाढले. मूत्रपिंडाकडून अस्थिमज्जेला 'तांबड्या पेशी बनव' असा निरोप नेणारे संप्रेरक ते हेच.

पण निरोप पोचला तरी कारखान्यात कच्चा माल हवा. फेरिटिन 7 म्हणजे लोहाचे कोठार रिकामे. तुमच्या वजनाला हिमोग्लोबिन 1 ग्रॅमने वाढवायला साधारण 120 मिलिग्रॅम लोह लागते. 8.6 वरून 12 पर्यंत जायला सुमारे 400, आणि कोठार भरायला आणखी 500. हे लोह दोन मुळांच्या काढ्यातून मिळत नाही. चिनी वैद्यकालाही हे अपरिचित नव्हते; पिवळ्या पडलेल्या, सुजलेल्या रोग्यांना ते हिराकस, म्हणजे लोहाचे सल्फेट, गोळ्यांत घालून देत. आपल्या आयुर्वेदातल्या नवायस लोह या औषधातही नऊ वनस्पतींच्या एकूण वजनाइतके लोहभस्म असते, ते उगीच नाही.

तेव्हा लोहाची गोळी हेच औषध, काढा फार तर सोबतीला. गोळी डॉक्टर सांगतील तशी, रोज किंवा दिवसाआड, रिकाम्या पोटी लिंबूपाण्याबरोबर. चहा, दूध, कॅल्शियम आणि हा काढाही दोन तास दूर ठेवा. चार आठवड्यांत हिमोग्लोबिन निदान 1 ग्रॅमने वाढायला हवे. आकडा बारावर गेला तरी गोळी तीन महिने चालू ठेवा. बहुतेकजण नेमके तिथेच सोडतात. आणि लोह का कमी झाले ते शोधल्याशिवाय थांबू नका : पाळीचा रक्तस्राव, जंत, मूळव्याध, आतड्यातला रक्तस्राव.

प्रश्न : हा काढा घरी कसा करावा?

उत्तर : मुळे अर्धा तास भिजवा, पाणी त्यांच्यावर दोन बोटे राहील इतके. उकळी आली की आच मंद करून 40 मिनिटे ठेवा, गाळा, पुन्हा पाणी घालून अर्धा तास उकळा. दोन्ही पाणी एकत्र करून दोन वेळांत घ्या. भांडे मातीचे किंवा काचेचे. लोखंडी कढईत लोह मिळेल हा हिशेब इथे उपयोगी नाही; वनस्पतींतले टॅनिन लोहाशी बांधले जाते, काढा काळपट होतो आणि ते लोह आतड्यात नीट शोषले जात नाही.

मुळे पारखून घ्या. चांगल्या ह्वांगछीचा काप मध्ये पिवळा, कडेला पांढरट. चावल्यावर कच्च्या शेंगेची चव येते. तांगक्वेइ तेलकट आणि उग्र वासाचे हवे. वाळके, लाकडासारखे किंवा आतून हिरवट असेल तर परत करा.

प्रश्न : पाळी फार जाते, त्यासाठी सिवू थांग सुचवले आहे. घ्यावे का?

उत्तर : सिवू थांग म्हणजे चार वस्तूंचा काढा : शिजवलेले शूतीह्वांग, तांगक्वेइ, पांढरे पाइशाओ आणि छ्वानश्योंग. पहिले आणि तिसरे रक्त भरून काढणारे, दुसरे भरणारे तसेच हलवणारे, चौथे रक्त हलवणारे. म्हणूनच रक्तस्राव जोरात असताना हे मिश्रण जसेच्या तसे घेणे धोक्याचे. जाणते चिनी वैद्यही तेव्हा छ्वानश्योंग कमी करतात किंवा वगळतात. वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेत असाल तर तांगक्वेइ नकोच, रक्त आणखी पातळ होते. गरोदरपणातही स्वतःच्या मनाने नको. शूतीह्वांगने पोट जड होते, जुलाबही होतात. म्हणून त्यात वेलदोड्याच्या कुळातले शारन घालण्याची पद्धत आहे.

तयार गोळ्यांत 'केस काळे करणारे' म्हणून हशोऊवू हे मूळ मिसळले असेल तर बाटली ठेवून द्या. त्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

प्रश्न : फेरिटिन भरपूर, तरी हिमोग्लोबिन 10 आणि एमसीव्ही (तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान) 65. काढा घेऊ?

उत्तर : आधी एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून पाहणारी तपासणी करा. हे थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाच्या वाहकाचे चित्र असू शकते. तिथे काढाही नको आणि लोहाची गोळीही नको. लग्न ठरत असेल तर जोडीदाराचीही तपासणी करून घ्या.